पडद्याबाहेरची येसूबाई

येसूबाईचा फोटो नव्हता. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण नव्हता. आंदर मावळात कुठल्याही घरात शिरा, देव्हाऱ्याशेजारी मेलेल्या माणसाचा काळ्या पावडरीनं काढलेला फोटो दिसला, की तो लोणावळ्याच्या दत्तोबा पेंटरच्या हातचा, हे विचारायचीसुद्धा गरज नाही. त्याच दत्तोबाची ही बायको. मार्गशीर्षात तापानं अंथरुणाला खिळली आणि आठवडा काही काढला नाही तिनं. तेराव्याला पाटावर मांडायला काही नव्हतं, तेव्हा तिचं घडी घातलेलं लुगडं मांडलं आणि त्यालाच हळदकुंकू वाहिलं. सवाष्ण गेली, भाग्याची गेली, असं बायका म्हणाल्या. दत्तोबा नुसता त्या लुगड्याकडे बघत बसला होता. वर्षश्राद्धाला इथं तिचा फोटो मांडीन, नाहीतर पेंटर म्हणवून घेणार नाही, असं तो चाँदभाईंना म्हणाला. चाँदभाई म्हणजे शेजारचे फोटोवाले. त्यांच्या स्टुडिओला लागूनच दत्तोबाच्या खोल्या होत्या.

रडला मात्र नाही दत्तोबा. स्मशानात नाही, घरी आल्यावर नाही, दहाव्याला कावळा चटकन शिवला तेव्हाही नाही. गल्लीनं तोंडसुख घ्यायचं ते घेतलंच, दगड आहे मेला म्हणाली. बोलायला काय जातं लोकांचं! पण तो का रडला नाही हे कळायचं तर त्याच्या घरात काम कसं चालायचं ते आधी ठाऊक पाहिजे.

दत्तोबा मूळचा परंदवडीचा. तरणा असताना दुकानांच्या पाट्या रंगवायला म्हणून लोणावळ्यात आला आणि इथलाच झाला. चाँदभाईंकडे लोक जुने फोटो घेऊन यायचे आणि मोठा करून द्या म्हणायचे. त्यात माणसाचं तोंड नखाएवढं. ते मोठं केलं की नुसता धूर दिसायचा. मग चाँदभाई तो धूर दत्तोबाकडे द्यायचे, आणि हा काजळीची पावडर, कापसाचा बोळा आणि खोडरबर एवढ्यावर कागदावर माणूस उभा करायचा. हात सोन्याचा होता त्याचा, यात वाद नाही.

पण कामाची जागा? शिव शिव! चहाच्या कपात ब्रश बुडवलेले आणि ब्रशाच्या डब्यात चहा ओतलेला. पावडरीची पुडी कधी पिठाच्या डब्यावर, कधी उशीखाली. झालेले, अर्धे झालेले आणि न झालेले फोटो एकाच ढिगात. एकदा तर एका गावचा म्हातारा दुसऱ्याच गावाला गेला. त्या लोकांनी त्याला हार घातला, नैवेद्य दाखवला, पाया पडले, आणि बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी ध्यानात आलं की आपल्या आबाला मिशाच नव्हत्या. दत्तोबा पंधरा दिवस तोंड लपवून हिंडत होता.

गिऱ्हाईकसुद्धा त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं. अशीच एक आई आपल्या लेकीचा फोटो बघायला ओणवी झाली आणि तिच्या डोळ्यातलं पाणी थेट कागदावर पडलं. काजळी ती, थेंब पडला की डाग जायचं नाव नाही. इतक्या दिवसांचं काम मातीत गेलं. पण दत्तोबाला खरं लागलं ते वेगळंच. समोर कुणी रडलं की त्याचं काम बंद. दोन दोन दिवस बोळा हातात धरवत नसे. मेलेल्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचं काळीज असं मेणाचं. आता काय म्हणावं याला?

येसूबाई सोमाटण्याची. लग्न होऊन आली, माप ओलांडलं आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून सगळीकडे नजर फिरवली. हे घर हाय का भंगारवाल्याचं दुकान, असं तिनं विचारलं म्हणे, आणि अंगावरची हळद निघायच्या आत पदर खोचला. सगळं सामान गल्लीत काढलं. खोल्या दोन होत्या. मागची काम करायची आणि पुढची माणसांची, अशी वाटणी तिनं केली. मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी, तिच्याखाली फळी. पावडर लोणच्याच्या बरणीत. बोळे डालड्याच्या डब्यात, स्वच्छ वेगळे, वापरलेले वेगळे. लोणावळ्याची हवा पावसाळ्यात अशी ओली, की कागद पापडासारखा वाकडा व्हायचा, म्हणून तिनं कोपऱ्यात शेगडी ठेवली आणि वर दोरी बांधून कागद तिथं टांगले. पुढच्या खोलीत एक बाकडं, पाण्याचा माठ आणि पितळेचा पेला. आणि दोन खोल्यांच्या मध्ये आपल्याच एका हिरव्या लुगड्याचा पडदा.

मग तिनं कायदा करून टाकला. रडायचं ते पडद्याबाहेर. आत कुणी रडायचं नाही. आई असो, बाप असो, मामलेदार असो, डोळ्याला पाणी आलं की बाहेरच्या बाकड्यावर. आणि हा कायदा तिनं दत्तोबालाही लावला. तो हसला होता तेव्हा. पण त्याच्या जिवाला इतकं स्वस्थ कधीच वाटलं नव्हतं.

बाहेर पडद्यालगत पाट टाकून बसायची ती. लोकांशी बोलायचं काम तिचं आणि काढायचं काम त्याचं. डोंगरातल्या गरिबाचा कुठला आलाय फोटो? माणूस मरून जायचा आणि मागं त्याचा कपटासुद्धा नसायचा. मग येसूबाई सांगायची, घरचे सगळे या. मेलेल्याचं नाक भावावर गेलेलं असेल तर भावाला बाकड्यावर अशा बेतानं बसवायची, की पडद्याच्या चार बोटं फटीतून आत नुसतं नाक दिसावं. कपाळ मामाचं असलं तर मामाला पुढं सरकवायची. बाकीचा माणूस दत्तोबाच्या नजरेला पडायचाच नाही, आणि त्याचं रडणंही नाही.

आणि तोंड कसं होतं, असं तिनं कधी कुणाला विचारलं नाही. तोंडाचं विचारलं की माणसाला हुंदका येतो आणि सांगायचं राहून जातं, म्हणायची. ती विचारायची, जेवायचा कसा? झोपायचा कसा? हसायचा कशाला? जेवणाचं बोलता बोलता माणूस दात सांगतो, गाल सांगतो. झोपेचं बोलता बोलता पापण्या सांगतो. ते सगळं ऐकून घेऊन ती पडद्याकडे पाठ तशीच ठेवून आत सांगायची, गाल बसका, वरचा ओठ पातळ, हसताना डावा डोळा बारीक. बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं, असा कोरडा आवाज. दत्तोबाला तेवढंच पाहिजे होतं.

काम करताना तो सगळा कागद दुसऱ्या कागदानं झाकायचा आणि त्याला खिडकी पाडून तेवढीच जागा उघडी ठेवायचा, नाहीतर मनगट घासून पावडर पुसली जाते. आज कपाळ, उद्या कान. संध्याकाळी येसूबाई तो फोटो उचलून फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवायची. घरच्यांच्या आधी आपण पुरता बघायचा नाही, असं तिचं म्हणणं. घरचे न्यायला आले की ती फोटो बाहेर आणायची आणि बाकड्यासमोर फिरवायची. लोक छान म्हणाले, हुबेहूब म्हणाले, तरी ती गप्पच. पण त्यातलं कुणी काही न बोलता बाकड्यावर बसलं आणि पदरात तोंड घालून रडायला लागलं, की ती मान न वळवता आत ऐकू जाईल असं म्हणायची, "जमला." मग दत्तोबा फळीवर नवा कागद लावायचा.

असं चाललं होतं वर्षानुवर्षं. म्हणजे बघा, अख्खा दिवस दोघं चार हातांवर बसलेली, आणि त्याला फटीतून काय दिसायचं, तर तिचा अंबाडा, मानेवरचे बारीक केस आणि एक कान.

ती गेल्यावर पहिले काही दिवस दत्तोबाला फोटोची काळजीच वाटली नाही. बायकोचा चेहरा कुणी विसरतो का? बसलो की निघेल. बसला. खिडकीचा कागद लावला, कपाळापासून सुरुवात केली, आणि निघालं ते कुठल्या तरी पाटलीणबाईंचं कपाळ. पुसलं. डोळे काढले, ते एका शाळेतल्या पोरीचे, मागच्या साली काढलेले. इतकी माणसं त्या हातातून गेली होती, की हाताला सगळी नाकं, सगळ्या हनुवट्या पाठ होत्या, आणि नेमकी एक नव्हती. कागदामागून कागद त्यानं चुलीत घातला.

मग तो चाँदभाईंकडे गेला. एवढी वर्षं शेजार, कधीतरी एखादा फोटो काढला असेल की नाही? चाँदभाईंनी सगळी खोकी उपसली. सापडला एक. कुठल्याशा ईदेला अख्ख्या गल्लीचा काढलेला. सगळे ओळीनं उभे, चाँदभाईंची बायको बिस्मिल्लाभाभी मधोमध खुर्चीवर. त्यांच्या शेजारी येसूबाई उभी होती, पण तिनं ऐन वेळी मान मागे वळवली होती. अंबाडा आणि गजरा तेवढा दिसत होता. चाँदभाईंना तो दिवस आठवत होता. दत्तोबा आतून यायला उशीर करत होता, म्हणून ती वळून त्याला हाक मारत होती. दत्तोबानं तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि परत दिला.

सोमाटण्याहून तिची बहीण चिमाबाई आली. दत्तोबानं तिला बाकड्यावर बसवलं, स्वतः आत जाऊन फटीतून नाक बघितलं. नाक मिळालं. पण पुढं विचारणार कोण? चिमाबाई आपली परकरातली येसू सांगत राहिली, चिंचा पाडणारी, आणि सांगता सांगता रडत राहिली. फोटो झाला तो चिमाबाईचाच, जरा वाळलेला. तोही चुलीत गेला.

इकडे घराची रया गेली. बाकड्यावर वर्तमानपत्रांचा ढीग, माठ कोरडा, हिरवा पडदा एका बाजूनं सुटून लोंबत होता. बरणीचं झाकण कुठं गेलं पत्ता नाही. लोक यायचे, बाकड्याच्या कडेला टेकायचे, आणि दत्तोबा बाहेर येऊन नुसता उभा राहायचा. काय विचारायचं ते त्याला सुचत नसे. त्याला वाटायचं, विचारलं आणि हा रडला तर? लोक थोडा वेळ थांबायचे आणि पुढच्या खेपेला येतो म्हणून जायचे. पावसाळ्यात तर शेगडीसुद्धा पेटली नाही, आणि सगळे कोरे कागद वाकले. चाँदभाई म्हणाले, अरे, नसेल होत तर राहू दे, लुगडंच मांडू. त्यावर दत्तोबा त्यांच्याशी चार दिवस बोलला नाही.

वर्षश्राद्ध महिन्यावर आलं. भातं झोडून झाली होती, आणि अशात एका बाजारच्या दिवशी आंदर मावळातली भागूबाई आली. पहाटे घरून निघून कान्हे स्टेशनापर्यंत पायी, तिथून गाडी. काखेत घोंगडीत गुंडाळलेला फोटो होता, तिच्या कान्हूचा. कान्हू म्हशी सोडवायला ओढ्यात उतरला आणि ओढ्यानं नेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. तो फोटो येसूबाईनं विचारून विचारून काढवला होता. या पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी शिरली आणि पोराच्या गालावर पांढरं चढलं, म्हणून ती पुसून घ्यायला आली होती.

तिनं वर्तमानपत्रं बाजूला सरकवली, बाकड्यावर बसली आणि येसूबाई कुठं गेल्यात म्हणून विचारलं. दत्तोबानं सांगितलं. भागूबाईची नजर भिंतीवरून फिरायला लागली, या भिंतीवरून त्या भिंतीवर.

"बाईंचा फोटू कुटं हाय?"

दत्तोबाला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. न्हाई, एवढंच तो म्हणाला. मग काय झालं कुणास ठाऊक, वर्षभर जे चाँदभाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं, ते त्यानं या बाईला सांगून टाकलं. की येत नाही. की हात सगळ्यांचा चेहरा काढतो आणि तिचा काढत नाही. की महिना राहिलाय आणि पाटावर पुन्हा लुगडंच मांडायची पाळी येणार.

भागूबाईनं ऐकून घेतलं आणि उठली. विचारायच्या भानगडीत न पडता तिनं केरसुणी शोधली. रद्दी बाहेर टाकली, माठ धुऊन भरला, पेला राखेनं घासला, पडद्याची सुटलेली बाजू खिळ्याला अडकवली आणि फट बरोबर चार बोटं ठेवली. दोनदाच आली होती ती या खोलीत, सांगायला आणि फोटो न्यायला, पण ती जागा तिच्या डोक्यात जशीच्या तशी होती. असल्या जागा माणूस विसरत नाही. मग पडद्यालगत येसूबाईचा पाट ठेवला, त्यावर बसली, आणि दत्तोबाला म्हणाली, भाऊ, तुमी बाकड्यावर बसा.

दत्तोबा आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकड्यावर बसला.

"जेवायच्या कशा बाई?" भागूबाईनं विचारलं.

"माझं झाल्यावर," दत्तोबा म्हणाला.

"झोपायच्या कशा?"

"मी निजल्यावर. आन् उठायची माझ्या आधी."

"हसायच्या कशाला?"

दत्तोबा म्हणाला, "भायेर हसायची ती. मला आत ऐकू यायचं."

त्याच्यापाशी पुढं काही नव्हतं. वाईट नवरा नव्हता हो तो. कधी हात उगारला नाही, कधी ताट भिरकावलं नाही, बाजारातून गजरा आणायचा विसरला नाही. पण तो गजरासुद्धा मागून माळायचा असतो ना! बघायचं तेवढं राहून गेलं होतं. त्याला ते त्या बाकड्यावर कळलं, आणि कळल्यावर त्यानं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

"तुमी आत जा, भाऊ," भागूबाई म्हणाली. "मी सांगते."

तो आत गेला. त्यातल्या त्यात सरळ कागद शोधून फळीवर लावला, खिडकीचा कागद वर ठेवला, बोळा घेतला. आणि पडद्याबाहेरून आवाज यायला लागला. येसूबाईचा नव्हे, जाडाभरडा, थांबून थांबून. कपाळ रुंद. कुंकू मोठं, पण एका अंगाला जरा फिसकटलेलं, घाम पुसायच्या तिकडून म्हणून. भुवया जवळ जवळ. हनुवटीवर गोंदलेली तीन टिंबं, मधलं पुसट. दत्तोबाचा हात थबकला. टिंबं होती हे त्याला ठाऊक होतं. मधलं पुसट होतं हे नव्हतं. अर्धा दिवस समोर बसलेल्या बाईला ठाऊक होतं.

मग तोंडाचं आलं. भागूबाई म्हणाली, मी कान्हूचं सांगत होते तेव्हा बाईंचं तोंड जरा उघडं राहिलं होतं. लेकरू भरवताना आईचं राहतं ना, तसं. दत्तोबाच्या पोटी मूल नव्हतं. त्यानं डोळे मिटून घेतले, आपली आई आठवली, आणि ओठ काढले.

"डोळं?" त्यानं आतून विचारलं.

"भरल्यालं," भागूबाई म्हणाली. "काठोकाठ भरल्यालं. म्या सांगत व्हते, आन् त्यांचं डोळं असं भरून आल्यालं. पर पडू दिलं न्हाई त्यांनी."

"रडायची ती?"

"आमच्यासंगं समदं सोसायच्या."

"मला कदी कळलं न्हाई," दत्तोबा म्हणाला. "मला तर सामान सांगावं तसं सांगायची. आवाज कदी भरला न्हाई तिचा."

"आवाज तुमाला आत द्यायचा व्हता नव्हं," भागूबाई म्हणाली.

गाडीची वेळ झाली तशी ती उठली. कान्हूचा फोटो ठेवून गेली, पुढच्या बाजाराला येते म्हणाली. दत्तोबानं कान्हूच्या गालावरची बुरशी हलक्या हातानं काढली, तो गाल पुन्हा भरला. बाकीचा सगळा वेळ येसूबाईला दिला. शेगडी पेटवली. बरणीला झाकण शोधलं. स्वच्छ बोळे वेगळे, वापरलेले वेगळे. आज भुवया, उद्या डोळे. खिडकीतून दिसेल तेवढंच. नाक चिमाबाईचं घेतलेलं हाताला आठवत होतं, कान आणि मानेवरचे केस मात्र त्याचे स्वतःचे होते, ते कुणाला विचारावे लागले नाहीत. संध्याकाळी तो खिडकीचा कागद तसाच वर ठेवून फोटो उचलायचा आणि फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. पुरता बघितला नाही त्यानं. तिचा कायदा होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी भागूबाई आली. चाँदभाईंनाही बोलावलं होतं. ते टोपी नीट करत दाराशी उभे राहिले. भागूबाईनं आधी कान्हूला बघितलं, त्याच्या गालावरून बोट फिरवलं आणि घोंगडीत गुंडाळून ठेवलं. मग ती पाटावर बसली. दत्तोबा फोटो घेऊन पडद्याबाहेर आला, बाकड्यासमोर उभा केला, फिरवला आणि वरचा खिडकीचा कागद ओढून काढला.

चाँदभाईंनी हाय अल्ला म्हणून टोपी काढली आणि भिंतीला टेकले. हीच, म्हणाले, माझ्या घरी बिस्मिल्लाच्या आजारपणात तिच्या उशाशी बसलेली हीच. भागूबाईनं नुसती मान हलवली.

मग दत्तोबानं तो आपल्याकडे वळवला. कपाळ त्यानंच काढलेलं, भुवया त्याच्याच हातच्या, ते तीन ठिपके ठेवताना त्यानं श्वास रोखला होता. पण सगळं एकत्र तो आत्ता बघत होता, आणि ही बाई त्याला ठाऊक नव्हती. तोंड जरा उघडं, डोळे काठोकाठ भरलेले, समोरच्याचं सगळं ऐकून घेत असलेली. पडद्याच्या या बाजूला ती अशी दिसायची. आंदर मावळातल्या प्रत्येक दुःखी माणसाला अशी दिसली होती. फक्त त्याला दिसली नव्हती, कारण त्याला दिसू नये म्हणूनच तर तिनं तो पडदा बांधला होता.

हातातला फोटो त्यानं घाईघाईनं चाँदभाईंकडे दिला, लांब धरा म्हणाला, लांब धरा. आतल्या खोलीकडे वळला, पडद्यापाशी थबकला, आणि माघारी फिरून बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसला. गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडला. वर्षभराचं नव्हे, इतक्या सगळ्या वर्षांचं. गल्लीतल्या बायका दारात जमल्या.

भागूबाईनं उठून माठातलं पाणी पितळेच्या पेल्यात घेतलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. पुन्हा पाटावर जाऊन बसली, पडद्याकडे पाठ करून. कान्हूचा फोटो फिरवला होता त्या दिवशी तिनं इथं जे ऐकलं होतं, ते तिच्या ध्यानात होतं. आत कुणी नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी मान न वळवता, आत ऐकू जाईल अशा बेतानं, ती म्हणाली, "जमला."